धुक्यात रुसलेली विहीण

जबलपूरला जाऊन आले म्हटल्यावर आमच्या कोल्हापुरात जो तो एकच विचारतो, "भेडाघाट बघितला का?" बघितला. संगमरवराचे कडे बघितले, नावेत बसले, धबधब्याचे तुषार अंगावर घेतले, खव्याची काळसर जिलेबी खाल्ली आणि रक्तातली साखर वाढवून घरी आले. ते सगळं फोटोंमध्ये आहे, ज्याला हवं त्याने घरी येऊन बघावं. मी लिहायला बसलेय ते फोटोत नसलेल्या दोन दिवसांबद्दल. पहिल्या सकाळी तर फोटो काढला असता तरी नुसता पांढरा कागद आला असता.

माझं उभं आयुष्य ड्रायव्हिंग क्लास चालवण्यात गेलं. गावातल्या अर्ध्या बायका माझ्या हाताखाली गाडी शिकल्या आणि उरलेल्या अर्ध्या त्यांच्या शेजारी बसून फिरतात. शिकवण्याच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. त्यामुळे आता क्लास बंद केला तरी कुणाच्याही गाडीत बसले की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो. मुलगा म्हणतो, आई, तुझ्यामुळे माझ्या गाडीची चटई झिजली.

या मुलाची बायको रेणुका जबलपूरची. तिचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. वडील शरदराव डिफेन्सच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आई मालतीताई शाळेत शिकवत होत्या. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून रेणुका जानेवारीत तिकडे गेली. डोहाळजेवणाला मुलाला रजा मिळाली नाही, तेव्हा सासरचा सगळा मानपान घ्यायला मी एकटीच निघाले.

गढा

जबलपुरातला गढा हा भाग म्हणजे मूळ जुनं गावच. घराला घर लागलेलं, खाली दुकानं, वर माणसं, आणि गल्लीत एक स्कूटर उभी राहिली की बाकी सगळ्यांची वाहतूक बंद. गाड्या बाहेर मोकळ्या जागेत लावायच्या आणि सामान हातात घेऊन चालत यायचं. मी माझी बॅग उचलली तर तीन माणसं धावली.

विहीण म्हणून जायचं म्हणजे काय, ते मला त्या घरात कळलं. मला पाण्याचा पेलासुद्धा स्वतः घेऊ देत नव्हते. स्वयंपाकघराकडे वळले की मालतीताई आडव्या येत. शेजारच्या बायका "समधन जी, समधन जी" करत बघायला यायच्या आणि मला खाली बसू द्यायच्या नाहीत, खुर्चीच हवी. आमच्याकडेही विहिणीचा मान असतो, पण तो लग्नाच्या मांडवापुरता. पुढे ती आणि आपण मिळून शेंगा सोलत बसतो.

भाषेची सवय व्हायलाही एक दिवस गेला. "काहून उठल्या इतक्या लवकर?" असं मालतीताईंनी सकाळी विचारलं तेव्हा मला वाटलं, माझं काही चुकलं. तो नुसता 'का' होता, तोही लाडाचा. "मी चहा करून राहिले," म्हणजे चहा होतोय, बसा. अर्धं वाक्य मराठी, अर्धं हिंदी आणि शेवटी "जी". दुसऱ्या दिवशी मीही दूधवाल्याला "काहून उशीर?" विचारलं, तेव्हा रेणुका हसून हसून पोट धरून बसली आणि मीच घाबरले.

डोहाळजेवण थाटात झालं. त्या संध्याकाळी शरदरावांनी जाहीर केलं की विहीणबाई नर्मदेच्या मुलुखात आल्या आणि अमरकंटकला उगम न बघता गेल्या, असं होणार नाही. उद्या सकाळी निघू, एक मुक्काम करू, परवा परत. रेणुकाजवळ तिची मावशी थांबेल. माझं सत्तर टक्के मन 'हो' म्हणालं आणि तीस टक्के मनाने विचारलं, "लांबचा रस्ता आहे, मी चालवू का?"

सगळं घर हसलं. शरदराव म्हणाले, "विहीणबाईंनी गाडी चालवायची आणि आम्ही मागे बसायचं? गढ्यात तोंड दाखवायला जागा नाही राहायची."

"अहो, माझा धंदाच आहे तो."

"तो कोल्हापुरात. इथे तुम्ही पाहुण्या. तुम्ही मागे शाल घेऊन बसा आणि संत्री खा."

विषय संपला.

कुंडमच्या पुढे

सकाळी दार उघडलं तर समोरचं घर नव्हतं. धुकं आमच्याकडेही पडतं. आंबोली घाटात मी लोकांना धुक्यात गाडी शिकवली आहे. पण आमचं धुकं पाहुण्यासारखं येतं-जातं, वाऱ्याची झुळूक आली की पांगतं. इथलं धुकं ठाण मांडून बसलं होतं. इथे त्याला 'कोहरा' म्हणतात आणि त्याच्याशी घरच्यासारखं वागतात. गल्लीत कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

"थोडं थांबू या का?" मी विचारलं.

"जानेवारीत थांबत बसलो तर फेब्रुवारीतच निघू," शरदराव म्हणाले. "काळजी नका करू. नोकरीत होतो तेव्हा दर सुट्टीला या रस्त्याने जायचो. तोंडपाठ आहे मला."

सिव्हिल लाइन्समधली मोठमोठी झाडं बुंध्यापुरती दिसत होती. शहर सुटलं आणि बुंधेही गेले. मी मागे शाल घेऊन बसले, मांडीवर संत्र्यांची पिशवी. पुढे शरदराव चालवत होते आणि शेजारी मालतीताई बोलत होत्या.

हे बोलणं साधं नव्हतं. त्यांच्या तोंडाला क्षणाची उसंत नव्हती. "अहो, समोरून ट्रक येऊन राहिला, डावीकडे घ्या थोडं. सायकलवाला आहे. आता पुलिया येईल. गाय बसली आहे हो रस्त्यात. वळण आहे, उजवीकडे. काहून इतकं जोरात?" शरदराव 'हूं', 'हूं' करत होते आणि त्या म्हणतील तशी गाडी वळवत होते.

नवऱ्याला गाडी शिकवणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत. क्लासमध्ये मी त्यांना मागच्या सीटवरसुद्धा बसू देत नसे. मनात म्हटलं, हा माणूस संत आहे. मी असते तर ह्या बाईला केव्हाच उतरवलं असतं.

पण त्याच वेळी माझा पाय चटईवर दाबला जात होता, आणि तो उगीच दाबला जात नाही. शरदरावांनी मोठा दिवा लावला होता. धुक्यात मोठा दिवा म्हणजे डोळ्यांपुढे पांढरी भिंत, कारण सगळा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच तोंडावर येतो. वर चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवलेले, म्हणजे आपण थांबलोय की चाललोय, कुठे वळतोय, हे मागच्याला कळायची सोय नाही. आणि कुंडम जवळ आलं तसे ते एका ट्रकच्या लाल दिव्यांमागे लागले. "ट्रकवाल्याच्या मागे राहिलं की बिनघोर," ते म्हणाले. ट्रकवाला खड्ड्यात गेला तर त्याच्या मागे बिनघोर आपणही खड्ड्यात, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी विहीण. शाल घट्ट केली आणि संत्रं सोललं.

कुंडम हे तालुक्याचं छोटं गाव. तिथे ट्रक वळला. पुढे जंगल लागलं आणि धुकं इतकं दाट झालं की बॉनेटच्या पुढे जेमतेम थोडा रस्ता उरला. मालतीताईंचं बोलणं तुटक होऊ लागलं. "आता... आता बहुतेक वळण आहे. नाही, सरळच आहे. अहो, थोडं हळू. मला नीट..."

आणि त्या गप्प झाल्या.

इतका वेळ ज्या आवाजाचा मला वैताग आला होता, तो बंद झाला आणि मी दोन्ही सीटांच्या मधून पुढे वाकले. शरदरावांनी मान किंचित मालतीताईंकडे वळवली. त्यांनी रस्त्याकडे बघितलं नाही, बायकोच्या आवाजाची वाट बघितली. गाडीचा वेग तसाच होता, आणि समोरच्या पांढऱ्यात मला काहीतरी पिवळट दिसलं.

"ब्रेक!" मी ओरडले.

वर्गातला माझा तो आवाज मी स्वतःच विसरले होते. तो ऐकून आजवर भल्याभल्यांचे पाय दाबले गेले आहेत, शरदरावांचाही दाबला गेला. गाडी घसरत घसरत थांबली. समोर रस्त्याच्या अर्ध्या भागात पैऱ्याने, म्हणजे भाताच्या पेंढ्याने, लादलेली ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, लाल कापड नाही, माणूस नाही. पेंढ्याच्या काड्या आमच्या बॉनेटवर टेकल्या होत्या. त्या काड्यांच्या आत लोखंडाची फळी होती, ती काचेच्या उंचीची.

मांडीवरची संत्री खाली घरंगळत होती, तेवढाच आवाज. मला भीती वाटली, आणि ती माझ्यासाठी नव्हती. जबलपुरात एक मुलगी पोटावर हात ठेवून आईबापाची वाट बघत होती, तिच्यासाठी वाटली.

चहाची टपरी

मी खाली उतरले, गाडीच्या पुढे चालत राहिले आणि मागून शरदराव गाडी मुंगीच्या चालीने आणत राहिले. थोड्या अंतरावर धूर आणि आल्याचा वास आला. टपरी होती. गाडी रस्त्यावरून पूर्ण खाली, झाडाखाली लावली तेव्हा मी श्वास सोडला.

टपरीवाला तिशीतला, कानाला मफलर. त्याने आमच्या बॉनेटवरचा पेंढा बघितला आणि काही न विचारता तीन चहा टाकले. शरदराव हात धुवायला मागे गेले. जाताना ते बाकाला अडखळले. परत येऊन त्यांनी चहाचा ग्लास घ्यायला हात पुढे केला तो ग्लासच्या शेजारी. मालतीताईंनी सवयीने ग्लास त्यांच्या बोटांत सरकवला. हे इतक्या सहज झालं, की ते किती दिवस चाललं असेल ते मला कळलं.

शरदराव शेकोटीपाशी गेले तेव्हा मी हळूच विचारलं, "मोतीबिंदू?"

मालतीताईंचे डोळे भरले. "दोन्हीत आहे जी. दोन वर्षं झाली. ऑपरेशनला तयारच नाही. त्यांच्या मोठ्या भावाचं पुष्कळ आधी झालं होतं, तो डोळा गेला. म्हणतात, जेवढं दिसून राहिलं तेवढ्यात बाळाला बघून घेतो, मग काय व्हायचं ते होऊ दे. मी रस्ता सांगते, ते चालवतात. उन्हात चालून जातं. आज मलाच दिसेना."

"रेणुकाला माहीत आहे?"

"नाही. तिला नका सांगू. आणि त्यांना काही बोलू नका, हात जोडते. जावयाच्या आईसमोर कमीपणा आला तर ते झोपायचे नाहीत."

आता मी काय करावं? गप्प बसून त्या गाडीत परत बसणं शक्य नव्हतं. तोंडावर सांगितलं असतं तर ऐकलंही असतं त्यांनी, पण मग पुढची वीस वर्षं आम्ही दोघं एकमेकांकडे बघताना ट्रॉली आठवली असती. किल्ली मागायचा हक्क मला मास्तरीण म्हणून तिथे नव्हता. मग विहीण म्हणून मला कसला हक्क होता?

आणि मला एकदम सुचलं. आपल्याकडे विहिणीला एक हक्क जन्मजात मिळतो, तो म्हणजे रुसायचा.

मी बाकावर बसले, शाल डोक्यावरून घेतली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. शरदराव आले. "चलो, निघू या का विहीणबाई? थोडं हळू घेतो आता."

"मी येत नाही."

"काहून? काय झालं?"

"मी रुसलेय."

मालतीताई माझ्याकडे बघत राहिल्या. शरदरावांना वाटलं, ट्रॉलीचं लागलं मला. ते हात जोडू लागले, तेव्हा मी म्हणाले, "त्याचं काही नाही. लग्नात मी रुसले होते का?"

"नाही. सगळे म्हणायचे, काय साधी विहीण मिळाली."

"तेच. माझी आत्या म्हणाली होती, न रुसलेली विहीण म्हणजे फसवलेली विहीण. तो रुसवा माझा राहून गेलाय. तो आता काढणार."

शरदराव हसले. घाबरलेला माणूस हसायचं निमित्तच शोधत असतो. "अच्छा, मग बोला काय पाहिजे. साडी? चांदीचं ताट?"

"किल्ली."

त्यांचं हसू तसंच राहिलं, पण मागे सरकलं. ते माझ्याकडे बघत होते, म्हणजे माझ्या आकाराकडे बघत होते. त्यांना कळलं असावं. मालतीताईंनी पदर बोटाला गुंडाळला होता.

"लोक काय म्हणतील विहीणबाई?"

"कुठले लोक? या धुक्यात कुणाला दिसतंय?"

चहावाला पातेलं ढवळत सगळं ऐकत होता. मराठी त्याला किती कळलं कोण जाणे, पण रुसणं कुठल्याही भाषेत कळतं. तो म्हणाला, "दे दो अंकल जी. समधन रूठ जाए तो शगुन बिगड़ता है. मेरी बहन की शादी में हमने तो भैंस दी थी."

शरदरावांनी टपरीवरून तिळाच्या गजकचं एक पाकीट घेतलं, त्यावर किल्ली ठेवली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "घ्या. आमच्याकडून काही कमी राहिलं असेल तर पोटात घाला."

मी किल्ली घेतली. गजकचा एक तुकडा त्यांना दिला, एक मालतीताईंना. आणि सांगितलं, "आता रुसलेली विहीण म्हणते, धुकं हलेपर्यंत आणखी एक चहा."

हातात किल्ली आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती ही, की निघालेच नाही. धुक्यात गाडी चालवायचे जे काही नियम आहेत त्यांतला हा सगळ्यात वरचा, आणि शिकवायला सगळ्यात अवघड. आम्ही शेकोटीपाशी बसलो. चहावाल्याने बहिणीच्या लग्नातल्या म्हशीची गोष्ट सांगितली. त्या म्हशीवर बसून वरमाईने फोटो काढला होता म्हणे.

झाडांचे शेंडे दिसायला लागले तेव्हा मी स्टिअरिंगवर बसले. दिवा खाली घेतला, चारही इंडिकेटर बंद केले, काचेवर गरम हवा सोडली आणि माझ्या बाजूची खिडकी थोडी उघडी ठेवली. थंडीने कान गेले तरी चालतील, पण समोरून येणाऱ्याचा आवाज आधी आला पाहिजे. नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर. जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, वेगाचा हिशोब एवढाच.

मालतीताई पुढेच बसल्या होत्या आणि संकोचून गप्प होत्या. मी म्हटलं, "बोला ना. मलाही लागतंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा सुरुवात केली. "बैलगाडी आहे जी, डावीकडे." मागून शरदराव म्हणाले, "आता उतार लागेल. उतार संपला की उजवं वळण, आणि वळणावर कायम खडी सांडलेली असते." उतार लागला. वळण आलं. खडी होती. रस्ता त्यांना खरंच तोंडपाठ होता. त्या दिवशी ती गाडी माझ्या एकटीच्या भरवशावर मी चालवली नसती. मध्ये एकदा मी जोरात ब्रेक लावला, समोर दोन डोळे चमकले म्हणून. ती एका झोपडीपुढे पाखरं हाकलायला लटकवलेली, चकाकणाऱ्या चमच्यांची माळ निघाली. शरदराव मागून म्हणाले, "विहीणबाई, हळू. माझ्या हातातला गजक पडला." तेव्हा आम्ही तिघंही मोकळेपणी हसलो.

अमरकंटक

शहपुऱ्याच्या पुढे ऊन आलं. सालाची सरळसोट झाडं, खाली वाळलेली पानं, आणि सगळीकडून वाफ निघत होती. दिंडोरीला नर्मदेचा पूल लागला. इकडे पुलावरून जाताना नदीत नाणं टाकतात आणि "नर्मदे हर" म्हणतात. आम्ही पंचगंगेला नुसता नमस्कार करतो, तोही चालत्या गाडीतून. पुढची एक जीप त्यासाठी पुलाच्या मधोमध थांबली होती. मी पूल ओलांडून गाडी रस्त्याच्या खाली लावली आणि दोघांना चालत परत पुलावर नेलं. शरदराव म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट उभं राहून नाणं टाकलं." ते पाण्यात पडलं का, हे त्यांनी मालतीताईंना विचारलं नाही.

अमरकंटकला नर्मदा एका कुंडातून निघते आणि गावाबाहेर ती एवढीशी असते की लहान मूल ओलांडेल. भेडाघाटला कडे कापत जाणारी नदी ती हीच, हे मनाला पटवायला वेळ लागतो. मी पाण्यात हात घातला तो बराच वेळ काढला नाही. सकाळपासून बोटं आखडली होती, ती तिथे सुटली.

धर्मशाळेच्या अंगणात संध्याकाळी गक्कड-भर्ता होता. गक्कड म्हणजे कणकेचे गोळे गोवऱ्यांवर भाजायचे, तुपात बुडवायचे आणि भाजलेल्या वांग्याच्या भरताबरोबर खायचे. आमच्या भाकरी-भरताचा हा दूरचा, जरा श्रीमंत भाऊ. वास असा की पोटात कावळे ओरडत होते. ताट पुढे आलं आणि मी हात मागे घेतला.

"काय झालं जी?" मालतीताई म्हणाल्या.

"रुसवा अजून गेला नाही."

शरदरावांनी हातातला घास खाली ठेवला. या वेळी ते हसले नाहीत. "किल्ली तर दिली."

"किल्ली उद्यापर्यंतची झाली. मला ऑपरेशनची तारीख पाहिजे."

त्यांनी मालतीताईंकडे तोंड वळवलं, पण रागावले नाहीत. मग म्हणाले, "विहीणबाई, भिऊन राहिलो मी. खोटं कशाला बोलू? दादाचा डोळा माझ्यासमोर गेला. बाळाचं तोंड बघायच्या आधी माझं तसं झालं तर?"

"शरदराव, माझ्या डाव्या डोळ्याचं झालंय. तुमची ट्रॉली मी त्याच डोळ्याने बघितली."

त्यांनी मान वर केली. "कधी?"

"मागच्या वर्षी. दुपारी झालं, रात्री घरी येऊन जेवले. तुमच्या दादांच्या वेळचे दिवस वेगळे होते. तरी भीती वाटेल, मलाही वाटली होती, माझ्या डॉक्टरला मी शिव्या दिल्या होत्या. पण बाळंतपणाला अजून दोन महिने आहेत. दोन्ही डोळे तोवर होतील. बाळाला बघायचं तर नीट बघा. नाहीतर मालतीताई शेजारी बसून सांगणार, नाक असं आहे, हनुवटी अशी आहे."

मालतीताईंना हसू आलं आणि हसता हसताच त्या रडायला लागल्या. गक्कड गार होत होते. शरदरावांनी खिशातून फोन काढला आणि बायकोच्या हातात दिला. "लाव त्या डोळ्याच्या डॉक्टरांना. तुझ्याकडे नंबर आहे, मला माहीत आहे."

फोन लागला. ते स्वतः बोलले, हिंदीत, जरा जास्तच मोठ्या आवाजात. तपासणी लगेच, आणि सगळं ठीक असेल तर पहिला डोळा संक्रांतीनंतरच्या सोमवारी. फोन ठेवून ते म्हणाले, "आता जेवा." मी जेवले. इतकी जेवले की धर्मशाळेच्या बाईने विचारलं, दीदी सुबह से भूखी थीं क्या?

परतीचा रस्ता

दुसऱ्या दिवशी आम्ही चांगलं ऊन आल्यावर निघालो. कुणी विचारलंही नाही, किल्ली माझ्याकडेच होती. आकाश निळं, रस्ता कोरडा, लांबलांबचं दिसत होतं. मालतीताईंनी सवयीने सुरुवात केली. "ट्रक येऊन राहिला... सायकल आहे..." मी काही म्हटलं नाही. दिंडोरी गेल्यावर त्यांची वाक्यं लहान झाली. पुढे नुसतं "गाय" म्हणाल्या. पुढे तेही नाही. कालच्यासारख्या त्या गप्प झाल्या आणि कालच्या सवयीने मी चटकन बाजूला बघितलं. त्या झोपल्या होत्या. मान खिडकीकडे कललेली, तोंड किंचित उघडं, मांडीवर हात सैल.

आरशात शरदराव दिसले. ते पुढे वाकून बायकोच्या श्वासाचा आवाज ऐकत होते. "झोपली का?" त्यांनी हळूच विचारलं. मी मान हलवली, मग त्यांना दिसली नसेल म्हणून हळूच 'हो' म्हटलं. ते मागे टेकले. जबलपूर येईपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. वळणं मी अशी घेतली की पेल्यातलं पाणी हललं नसतं.

गढ्याच्या तोंडाशी मोकळ्या जागेत गाडी लावली. रेणुका तिथपर्यंत चालत आली होती, शाल पोटावरून ओढून. तिला बघून मला जे सुटल्यासारखं वाटलं, ते मी सांगू शकत नाही. तिने काचेतून आत बघितलं. "अहो आई, तुम्ही चालवली? आणि आईला काय झालं? ती गाडीत कधीच झोपत नाही."

मी काही बोलायच्या आत शरदराव मागचं दार उघडून उतरले. दाराला धरून, चाचपत, पहिल्यांदाच लेकीसमोर ते न लपवता. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आवाज अगदी खाली आणला.

"हळू बोल बेटा, तिला उठवू नको. दोन वर्षं मला दिसून नाही राहिलं, म्हणून ती जागी होती."